अर्धी पट्टी खाली

मास्तरांनी ग्रीनरूमच्या दाराला कडी घातली, गिटार मांडीवर घेतली आणि जाड तारेची खुंटी जराशी सैल केली. तार छेडून कान लावला. मग दुसरी, तिसरी. सहाही तारा अर्धी पट्टी खाली आल्या.

कोपऱ्यात वायर जोडणाऱ्या साउंडवाल्याने मान वर केली. "उतरवल्यात की काय, मास्तर?"

"हळू बोल. ही बाहेरच आहे."

'ही' म्हणजे त्यांची बायको. एकतीस वर्षं ती गात होती आणि मास्तर तिला साथ करत होते. स्टेजवर तिसरं कुणी नसायचं. शेवटच्या गाण्यात एक फार वरचा सूर होता. तेवढ्यासाठी लोक तिकीट काढून यायचे.

दोन महिन्यांपूर्वी सरावात तो सूर फाटला. एकदा नाही, लागोपाठ चार दिवस. पाचव्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "स्टेजवर असं झालं, तर त्या दिवसापासून माझं गाणं बंद."

ती बोलेल ते करणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय घर कसं असेल, याची मास्तरांना कल्पनाही करवेना. पंधरा दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि एका सकाळी गुपचूप तारा उतरवल्या. त्या दिवशी सूर अलगद लागला. तेव्हापासून रोज लागत होता, आणि तिला पत्ता नव्हता.

"त्यापेक्षा सरळ खालच्या पट्टीत वाजवा की," साउंडवाला म्हणाला.

"मग बोटं दुसऱ्या जागी पडतात. एकतीस वर्षं ती माझी बोटं बघत आलीये, लगेच पकडेल. तारा उतरवल्या की बोटं जिथल्या तिथे, सूर तेवढा खाली. आणि तुझा गळा थकला म्हणून हे केलं असं तिला कळलं, तर माझं काही खरं नाही!"

साउंडवाला हसला. "तारा सैल म्हणजे बोटांनाही आरामच."

"माझ्या बोटांना काय धाड भरलीये?" मास्तर म्हणाले. हेच वाक्य त्यांनी घरीही दोन-तीनदा ऐकवलं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. हॉल शेवटच्या रांगेपर्यंत भरला होता. बोटं आज बरी चालत होती. दिव्यांची ऊब असावी. शेवटचं गाणं आलं. ती त्या ओळीपाशी आली, डोळे मिटले, आणि सूर लागला.

कुणी खोकलंसुद्धा नाही. मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. हा सूर त्यांनी हजार वेळा ऐकला असेल, तरी दर वेळी त्यांना एकच वाटायचं: ही बाई खरंच माझ्या घरात राहते? लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा मास्तरांना समोरचं धड दिसत नव्हतं.

लोक पांगल्यावर ते तिच्यासाठी चहा घेऊन आले. दार अर्धवट उघडं होतं. आत ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच होत्या. केसांतल्या पिना काढता काढता ती तीच ओळ गुणगुणत होती. गुणगुणता गुणगुणता तिने वरचा सूर लावला.

मास्तर जागीच थबकले. हा आजचा सूर नव्हता. ही जुनी, मूळ पट्टी होती. मग ती सहज आणखी अर्धी पट्टी वर गेली. कुठे चरा नाही. चहा बशीत सांडला.

"अगं, गळा तर ठणठणीत आहे तुझा!" थोरली म्हणाली. "मग दोन महिन्यांपूर्वी फाटक्या आवाजाचं ते सोंग कशाला?"

"हळू बोल, ताई, येतील हे. बोटं सुजलीत यांची. पट्टी बांधा, तारा सैल करा म्हणून महिनाभर विनवलं, पण स्वतःसाठी ऐकतील तर शपथ. मग म्हटलं, माझ्याच गळ्याला अर्धी पट्टी कमी पडू दे."