भूक, घरातल्या घरात

वृंदाला वजन घटवण्याच्या ऑपरेशनचा पश्चात्ताप झाला. छे, कुठे झाला? चांगले एकोणचाळीस किलो उतरले होते, पश्चात्ताप कशाला होईल?

एवढंच की, डॉक्टर काढलेली भूक टाकून देत नसत, गरजूला बसवत. टायफॉइडनंतर धाकट्या जावेला, शलाकाला, अन्न बघवत नव्हतं. घरची भूक घरातच राहावी म्हणून वृंदानेच ती शलाकाच्या नावे सही करून दिली होती.

रविवारी शलाका तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी भुरकत होती. अगदी वृंदासारखी, डोळे मिटून.

"घे की गं अजून, तुला माझी शपथ." सासूबाई पळी घेऊन तिच्या डोक्याशी उभ्या होत्या. अठरा वर्षं ही शपथ वृंदाला पडत आली होती.

"मलाही वाढा की, आई."

"तुला कशाला? तुझं अर्ध्या भाकरीत भागतंय."

"ताई, काय झक्कास भूक होती हो तुमची!" शलाका हाडूक चोखत म्हणाली.

"होती काय? माझीच आहे ती!" वृंदा ताटावरून उठली. तिला परत बसवायला कुणी आलं नाही.

मग तिने इस्पितळाला अर्ज लिहिला: "महोदय, भूक परत नको, ती तिकडे सुखात आहे. मात्र भुकेसोबत सासूबाईंचा आग्रहही नजरचुकीने हस्तांतरित झाला आहे. तो दर रविवारी दुपारी बारा ते दोन या वेळेत अर्जदाराकडे वर्ग करण्यात यावा, ही नम्र विनंती."