मार्जरीबाईंचं वाक्य

या मंडळी, जवळ बसा, एका नटीची कथा सांगते. सत्तर वर्षांपूर्वी हॉलिवूडच्या नऊ सिनेमांत मार्जरीबाईंना कोंडून घातलेल्या बाईचंच काम मिळालं. वाक्यही एकच: “दार उघडा, मला घरी जायचंय!”

आता त्या तिकडच्याच शॉमबर्ग नावाच्या गावातल्या वृद्धाश्रमात असतात. तिथे दर रविवारी त्यांचे सिनेमे लावतात, बाहेरचं दार मात्र फक्त नर्सांना ठाऊक असलेला नंबर दाबल्याशिवाय उघडत नाही. काल त्यांना खरंच घरी जायचं होतं. कोट चढवून, दारावर मुठी आपटत, त्या तेच वाक्य जिवाच्या आकांताने ओरडल्या.

“काय अ‍ॅक्टिंग करता हो आजी! वन्स मोअर!” म्हणत नागपूरची नर्स सीमा टाळ्या वाजवू लागली. सगळा हॉल सामील झाला.

जन्माच्या सवयीने मार्जरीबाई कमरेत वाकल्या आणि पुन्हा तेच ओरडल्या.

देवापुढे हात जोडाल तेव्हा या माउलीला आठवा हो, दार अजून बंदच आहे.