दळणाचं औषध

"तुझं शिकणं झालं, जने. आता रोगी तुझे तू मिळव," पोशीरचा नामा हाडवैद्य आपल्या लेकीला म्हणाला. पण पोरीच्या हातात हाड द्यायला धजणार कोण? आला तो एकटा नागू. मोडलेलं मनगट जुळलं होतं, आधाराला बांधलेल्या बांबूच्या कामट्याही सुटल्या होत्या, पण मूठ काही वळत नव्हती.

"रोज सकाळी जात्यावर बसायचं," जनीनं सांगितलं.

"मी? बाप्यामाणसानं दळायचं?"

"मूठ वळायला हवी ना?"

नागूनं दार लावून रेशनची ज्वारी दळली. त्याची बायको धोंडूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच उजाडेपर्यंत झोपली. महिन्याभरात नागूनं विळा धरला, आणि धोंडूबाईनं पाणवठ्यावर जनीचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी जनीच्या अंगणात ही गर्दी! बाया आपापल्या नवऱ्यांना ओढत घेऊन आलेल्या. बायजानं आपल्या नवऱ्याला पुढं ढकललं. जनीनं त्याची दोन्ही मनगटं चाचपली.

"कुठं दुखतं?"

"कुठंच नाय," तो बावचळून म्हणाला.

"त्यांना काय इचारतेस गं?" बायजा म्हणाली. "हात माझे दुखतात. दळण यांना सांग."