पात्याची खाच

सुतारकाकांना घडीचे चाकू जमवायचा भारी नाद. चाळीस तरी जमले होते. रोज त्यातला एक खिशात घातल्याशिवाय ते घराबाहेर पडायचे नाहीत. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला आणि लेकीनं भीतीपोटी सगळे चाकू कपाटात कुलूपबंद केले. तेव्हापासून काका खिडकीशी गप्प बसायचे. सांगितलेला व्यायामही करेनात. शेवटी काकूंनी किल्ली मागून घेतली, सर्वांत जुना चाकू त्यांच्यापुढे ठेवला. "मला सफरचंद कापून द्या. घाई नाही." डाव्या हातात मूठ धरून उजव्या अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत अडकवायलाच दहा मिनिटं गेली. लेक पुढे सरसावली. काकूंनी तिला डोळ्यांनीच थोपवलं. टक्कन पातं उघडलं. घामाघूम काकांनी एक वेडीवाकडी फोड कापून लेकीपुढे धरली. तिनं ती तिथंच उभ्यानं संपवली. "बाबा, उद्या काय आणू?" "कलिंगड," काका ऐटीत म्हणाले.