मधली शिट्टी

“स्वर्गात फक्त पवित्र संगीत चालतं,” पाळकसाहेब वेदीच्या पायरीवरून गायकमंडळींना बजावत होते. “बाजारचा एक सूरसुद्धा तिथं दारातून आत घेत नाहीत.” समोरच्या गॅरेजात रेडिओ लागला होता आणि पाळकसाहेबांची बोटं त्याच्या तालावर कठडा वाजवत होती. हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

बिशपसाहेब यायला थोडाच अवकाश होता. ते मुद्दाम ‘दार लोटलेलं आहे’ हे गीत ऐकायला येत होते. गीत याच चर्चचं, शब्द ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींचे. ते सुरू झालं की माणसं आपोआप उभी राहत, डोळे मिटत, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एकाच पुस्तकातून गात. आसपासच्या चर्चना याचा हेवा वाटे आणि पाळकसाहेब तो नम्रपणे स्वीकारत.

शेवटची तालीम सुरू झाली. ऑर्गनमागे काका, म्हणजे मावशींचे यजमान, भात्याचा दांडा वरखाली करू लागले. पहिलं कडवं संपलं आणि मागच्या रांगेत नवीनच गायला आलेला एक जुना ट्रम्पेटवाला हरखून म्हणाला, “अहो, हे तर आम्ही हॉटेलात वाजवायचो! चौपट वेगानं. लोक टेबलांवर चढायचे. इथं मध्ये एक शिट्टी होती, ती गाळलीत वाटतं?”

भात्यातली उरलीसुरली हवा ऑर्गनमधून कण्हत बाहेर पडली.

“मी चांगल्या अर्थानं म्हटलं हो,” ट्रम्पेटवाला पुटपुटला.

“मावशी,” पाळकसाहेबांचा आवाज एकदम खाली आला, “हा म्हणतो ते खोटं आहे ना?”

“खरं आहे. गाणं नाचाचं आहे. मी सावकाश केलं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तुम्ही शब्द तपासलेत. चाल ऐकून म्हणालात, कुठल्यातरी जुन्या मठातली असावी. इतके खूश होतात की म्हटलं, कशाला विरजण घाला.”

मावशींनी चष्मा काढून रुमालानं पुसला.

“यांचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हाची गोष्ट. मी बाहेर बाकावर. प्रार्थना करायला गेले तर तोंडातून शब्द फुटेना. जन्मभर वाजवलेली गीतं, पण एक आठवेल तर शपथ. तेवढ्यात नर्सच्या रेडिओवर हे लागलं. ती बया कोणाला तरी बोलावत होती. उशीर झाला तरी ये, दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही. तिचा तो कोण होता, देव जाणे. मी तेच प्रभूला म्हटलं.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “कोणी चालत आलं नाही, साहेब. पण त्यानंतर त्या बाकावर मी एकटी नव्हते.”

“अगं, हवा भरू की थांबू?” काकांनी ऑर्गनमागून डोकं काढलं. त्यांना कमी ऐकू यायचं.

पाळकसाहेबांनी कपाळावरचा घाम टिपला. “मला कळतंय, मावशी. पण बिशपसाहेबांपुढे हॉटेलातलं गाणं! आज तुम्ही वाजवू नका. पुढचं पुढे पाहू.”

पुढचं पुढे पाहू म्हणजे काय, हे मावशींना ठाऊक होतं. त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली पाळकसाहेबांच्या हातात ठेवली.

“अहो, चला घरी.”

“झाली उपासना?” काका म्हणाले. “आज लवकर आटोपली.”

“कोण निघालं?” शेवटच्या बाकावरून आवाज आला. बिशपसाहेब बाजूच्या दारानं कधीच येऊन बसले होते. बूट चावत होता म्हणून तो काढून मांडीवर घेतला होता.

पाळकसाहेब तीरासारखे धावले. “बिशपसाहेब, घोटाळा झालाय. ते गीत हॉटेलातलं निघालं.”

“माहीत आहे. मीही एकेकाळी विद्यार्थी होतो.”

“लोक टेबलांवर चढायचे म्हणे!”

“चढायचो. इथं काय करतात?”

“इथं नुसते उभे राहतात. डोळे मिटून.”

“मग सुधारणा आहे,” बिशपसाहेब म्हणाले. त्यांनी बूट खाली ठेवला आणि मोज्यावरच चालत ऑर्गनपाशी आले. “बाई, या गाण्यावर मी रात्र रात्र नाचलोय. पण ती बिचारी दार लोटून कोणाची वाट बघतेय, हा विचार एकदाही मनात आला नाही. तुमचं सगळं मी तिथं बसून ऐकलं. बसा तुमच्या जागेवर. फक्त मधली शिट्टी गाळू नका.”

गायकमंडळींनी इतका वेळ धरलेला श्वास एकदम सोडला. तेवढ्या हवेत ऑर्गनचं एक कडवं निघालं असतं. पाळकसाहेबांनी मूठ उघडली. किल्लीचा ठसा तळहातावर उमटला होता. किल्ली परत देताना ते चक्क हसले, आणि मावशींना झाकण उघडायला दोनदा प्रयत्न करावा लागला, कारण डोळ्यांपुढचं कुलूप हलत होतं. काकांनी काही न विचारता दांडा धरला.

घंटा झाली. माणसं आत येऊ लागली.

“पण शिट्टी वाजवणार कोण?” ट्रम्पेटवाला कुजबुजला. “माझे पुढचे दात गेले.”

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. पाळकसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, झगा सारखा केला, ओठ ओले केले आणि ऑर्गनवर वाकले.

“मावशी, पट्टी जरा खाली घ्या. वरची शिट्टी मला आता जमत नाही.”