पेल्यातले डोळे

जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शिल्पाकडे असायची. एका दुपारी रोह्याच्या वत्सलाकाकू जुना, पैलूदार काचेचा पेला घेऊन आल्या. पेल्याच्या जाड काचेत एका बाईचा पांढरा चेहरा बसवलेला होता. नाक, ओठ रेखीव होते. डोळे मात्र कोरे.

“रोज पाणी पिताना ही आंधळी समोर येते, बघवत नाही गं. हिला डोळे काढून दे.”

“काकू, चेहरा काचेच्या आत हाय. तिथं ब्रश पोचायचा नाय.”

“मग बाहेरूनच काढ.”

शिल्पाने वरून काचेवर दोन बुबुळं टेकवली. ती इतकी नेमकी बसली, की तिच्या अंगावर काटा आला. तिने लगेच टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. रंग बोळ्यावर उतरला, काच स्वच्छ झाली. आतले डोळे मात्र तसेच राहिले, काळेभोर आणि ओलसर.

“काकू, घेऊन जा हा पेला,” ती कशीबशी म्हणाली.

काकूंनी हात पुढे केला. तो पेल्याच्या बाजूला हवेतच चाचपडत राहिला. दारात रणरणतं ऊन पडलं होतं.

“शिल्पा, लाईट गेली का गं?” त्यांनी विचारलं. “मला काहीच दिसत नाहीये.”

पेल्यातल्या बाईने सावकाश पापण्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या.