बंद पाडलेली गाडी

"रोटर बघितलास का?" फोरमनने बॉनेटमधून डोकं न काढताच विचारलं.

"बघितला. ठणठणीत आहे," करंट म्हणाला आणि टॉर्चचा झोत दुसरीकडे वळवला.

फोरमनने रोटरचा विषय सोडला. तो इंजिनातला माणूस. तारा आणि ठिणगी हा करंटचा प्रांत. एकाने चाळीस वर्षं वर्कशॉप चालवलं होतं, दुसऱ्याने तेवढीच वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं होतं. निवृत्तांच्या या वसाहतीत दोघांची घरं शेजारी होती. नावं कामावरून पडली होती आणि जुनी दोन दारांची गाडी फोरमनच्या गॅरेजात दोघांचा वेळ खात होती.

रोटर ठणठणीत नव्हता. प्लगांना ठिणगी वाटून देणारा तो बोटभर तुकडा करंटनेच बदलला होता. आता तिथे होता त्याला केसाएवढी चीर होती आणि ठिणगी वाटेतच गळत होती. चांगला रोटर करंटच्या घरी चष्म्याच्या डबीत होता.

हे फोरमनच्या बायकोने, वहिनींनी, करायला लावलं होतं. बाजार दहा मिनिटांवर. एकदा फोरमन तिथून परतायला निघाला तो तीन तासांनी घरी पोचला. गाडीत बसून घाम पुसत राहिला. तिसऱ्या दिवशी वहिनी करंटला कुंपणापाशी गाठून म्हणाल्या, "भावजी, हे रस्ता चुकले. रोज सकाळी गाडी सुरू करतात आणि माझा जीव टांगणीला लागतो. मी बोलले तर घर डोक्यावर घेतील. तुम्हीच ती कायमची बंद पाडा."

सकाळची गोष्ट खरी होती. फोरमन बाहेर उभ्याउभ्याच खिडकीतून हात घालायचा, किल्ली फिरवायचा, दोन मिनिटं कान देऊन ऐकायचा आणि बंद करायचा. करंटने त्याच दुपारी रोटर बदलला.

पहिल्या आठवड्यात फोरमन हसत होता. "नाव करंट आणि गाडीत ठिणगी नाही! नाव बदल लेका." दुसऱ्या आठवड्यात त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला. तिसऱ्या आठवड्यात तपासलेल्या गोष्टी तो भिंतीवर खडूने लिहू लागला. मग लिहिलेलंच पुन्हा तपासू लागला. पाचव्या आठवड्यात त्याचं बोलणं थांबलं.

वहिनींनी करंटच्या चहात साखर वाढवली होती. पण करंट कप अर्धाच ठेवून उठायचा.

"वहिनी, सांगून टाकू का?"

"कशाला? घरात आहेत, डोळ्यांसमोर आहेत. होईल सवय."

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, फोरमन हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून करंटच्या दारात आला.

"घे. तिकडे गॅरेज नाही."

"तिकडे म्हणजे?"

"मागच्या इमारतीत. काल सही केली."

मागच्या इमारतीत एकट्याने राहता न येणारे लोक होते. तिथे गोळ्या परिचारिका हातावर ठेवत आणि संध्याकाळी दार बाहेरून लागे. "आमचं घर ऑफिसने दुसऱ्यांना दिलंसुद्धा," फोरमन म्हणाला. "पहिल्या तारखेला येतायत. हिला पुढच्या इमारतीत एक खोली मिळेल. हिला अजून सांगायचंय."

"वेडा झालास का?"

"तेच तर म्हणतोय मी." फोरमनने पेटी उंबऱ्यावर टेकवली. "मला सारखं रोटरच वाटत होतं रे. तू ठणठणीत म्हणालास, तरी डोकं तिथेच जायचं. चाळीस वर्षांचा अंदाज असा चुकायला लागला, तर उद्या मी गॅस चालू ठेवून झोपेन. हिलाही जाळू का माझ्याबरोबर?"

 करंटने आत जाऊन चष्म्याची डबी आणली आणि उघडून त्याच्यापुढे धरली.

"तुझा अंदाज चुकला नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

 फोरमन ती घेऊन गॅरेजात गेला. करंट मागोमाग गेला, पण टॉर्च धरायला कुणी सांगितलं नाही. फोरमनने गाडीतला रोटर काढला, उजेडात धरला आणि नखाने चीर चाचपली. डबीतला बसवला. खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली.

त्या आवाजाने वहिनी ओल्या हातांनीच धावत आल्या. डबी, रोटर, करंटची खाली गेलेली मान. त्यांना विचारावं लागलं नाही. फोरमनने गाडी बंद केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर करंटला बरं वाटलं असतं.

"का?" त्याने करंटला विचारलं.

 करंटच्या आधी वहिनीच बोलल्या. "त्यांना काही म्हणू नका. मीच सांगितलं होतं. तुम्ही रस्ता चुकलात त्या दिवसापासून मला धास्ती लागली होती. पुन्हा गाडी काढाल, कुणाला तरी धडकाल…"

फोरमनने फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"तुम्ही दोघं एवढं बोललात, तर एकदा मलाही विचारायचं होतं," तो म्हणाला. "मला आपणहून सांगायची लाज वाटली, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं. रस्ता चुकलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी लायसन्स परत करून आलो होतो."